देवळालीची दुपार

देवळाली कॅम्पात एप्रिल-मेची दुपार लांब असते. जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो, हौसन रोडवरच्या दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात आणि लॅम रोडच्या झाडांखाली डुलक्या घेणाऱ्या रिक्षावाल्यांशिवाय कोणी दिसत नाही. मध्येच तोफखान्याच्या रेंजवर लांब कुठेतरी बार होतो. खिडकीच्या काचा थरथरतात, वळचणीची कबुतरं उडतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात. नवीन राहायला आलेला माणूस दचकतो. इथे जन्मलेलं तान्हं बाळ त्या आवाजाने कूसही बदलत नाही. पुढची जाग थेट पाचला, उन्हं कलल्यावर. दोन ते पाच या तीन तासांसाठी मी हे पुस्तक लिहिलं आहे.

या तीन तासांशी आमच्या गावाचं जुनं नातं आहे. १८६१ साली इंग्रजांनी इथे लष्कराचा तळ वसवला. हिंदुस्थानातल्या नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत या तळावर थांबत. सैनिकांची जहाजं सुटायची ती थंडीच्या मोसमात. मार्चमधलं शेवटचं जहाज हुकलं, की पुढचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढायचा. काम जवळपास नाहीच. ऊन, धूळ, डास, आणि उद्या पुन्हा तेच. काही जण दारूला लागले, काही मारामाऱ्या करून कोठडीत गेले, काहींची डोकी फिरली. शिपायांनीच या दुखण्याला नाव पाडलं, ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे त्यातला ताप गळून पडला आणि ‘डूलॅली’ हा शब्द ‘वेडापिसा’ या अर्थाने इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला. आमच्या गावाचं नाव परक्या भाषेत गेलं ते असं.

हिवताप, ऊन आणि दारू ही त्या दुखण्याची कारणं होतीच. तरीही ती गोष्ट वाचताना माझ्या मनात दर वेळी त्या माणसांचे हात येतात. वर्षानुवर्षं बंदूक पुसणारे, बूट चकाकवणारे, दोर वळणारे हात अचानक मांडीवर ठेवून बसायचं, आणि असं सहा-सात महिने. मला हे दुःख फार मोठं वाटतं.

याच तळावर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जिमी पेरी नावाचा तोफखान्यातला एक तरुण शिपाई होता. तो सैनिकांच्या करमणुकीचे कार्यक्रम बसवणाऱ्या मंडळीत होता. पुढे त्याने एका सहलेखकाबरोबर या अनुभवावर मालिका लिहिली. ती बीबीसीवर १९७४ ते १९८१ अशी चालली आणि तिची सुरुवात देवळालीच्या तळावरच होते. त्याच उन्हात आणि त्याच ताटकळण्यात काही पोरांनी गाणी बसवली आणि सोंगं सजवली, याचं मला कौतुक वाटतं.

इथून काही किलोमीटरवर नाशिक रोडचं कारागृह आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी तिथे ‘श्यामची आई’ लिहिलं, अवघ्या पाच दिवसांत. त्यांचाही वेळ सक्तीने रिकामा झालेला होता. त्या पुस्तकात ‘पत्रावळ’ नावाचं प्रकरण आहे. लहानग्या श्यामला पत्रावळ लावायला यावी म्हणून घरचे लोक कसा आग्रह धरतात, त्याची ती साधी गोष्ट. तुरुंगात बसलेल्या माणसाला आईची आठवण येते तेव्हा तिच्या उपदेशाबरोबर हिरवी पानं आणि ती टाचायच्या चोयाही आठवतात. आपण जेवायला बसायचं ते ताट स्वतः पानं जोडून करायचं! जेवण आणि हस्तकला यांच्यात शिवण दिसू नये इतकी ती एकजीव आहेत त्यात. या पुस्तकाच्या मांडणीला मला तिथूनच बळ मिळालं, म्हणून ही गोष्ट इथे सांगितली.

आता पुस्तक कसं झालं ते सांगते.

मी लग्न होऊन कॅम्पात आले तेव्हा आम्ही एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला भाड्याने राहत होतो. वर कौलं, पुढे लांब व्हरांडा, खाली थंडगार शहाबादी फरशी. पुढे मुलं झाली, शेजारपाजारची आली, आणि मे महिन्यात त्या फरशीवर दुपारी पाच-सात पोरं पालथी पडलेली असायची. एके दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि तो सवाल आलाच, “काकू, आता काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पाटी होती, ती मध्ये ठेवून म्हटलं, सोला.

अर्ध्या तासाने येऊन पाहिलं तर एका मुलीच्या दोन्ही कानांत शेंगांचे डूल लटकत होते. शेंग टोकाशी हलकेच दाबली की तिचं तोंड उघडतं आणि कानाच्या पाळीला चिमटा घेऊन बसतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे तिच्या आईने, आजीने कधीतरी केलेलं तिने पाहिलं असेल. एकाने टरफलांच्या होड्या करून पाण्याच्या तसराळ्यात सोडल्या होत्या आणि कोणाची आधी बुडते यावर पैज चालली होती. सोललेल्या दाण्यांचं आम्ही कूट केलं, त्यात तितकाच किसलेला गूळ घालून लाडू वळले. प्रत्येकाचा लाडू वेगळ्या मापाचा. वीज आली ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

तेव्हापासून आमच्या व्हरांड्यात शनिवारची दुपार ठरून गेली. ते काही शिबिर नव्हतं. फी नव्हती, नावनोंदणी नव्हती, आणि आलंच पाहिजे असंही नव्हतं. जे केलं ते मी रात्री एका वहीत लिहून ठेवत असे: काय लागलं, किती वेळ गेला, कोणाचं का बिघडलं. अशा सतरा वह्या झाल्या. या पुस्तकातला शब्द न् शब्द त्या वह्यांतून आला आहे.

पुस्तक हाती घेतल्यावर पहिली शंका येईल ती ही की हे पाककृतींचं पुस्तक आहे की हस्तकलेचं. कुरडईच्या पानाला लागून आकाशकंदील आहे, भरल्या वांग्याच्या पाठोपाठ गोधडी आहे. छापण्यापूर्वी दोन जाणकारांनी मला दोन भाग करायला सुचवलं. मी नाही केले, आणि त्यामागे माझा विचार आहे.

आमच्या सासूबाई, ज्यांना घरादारात सगळे ‘बाई’ म्हणत, संक्रांतीला घरी हलवा करायच्या. देवळालीची जानेवारीतली थंडी कोरडी आणि बोचरी. पलीकडे निफाडचं नाव तर हिवाळ्यात नीचांकी तापमानाच्या बातम्यांत असतंच. बाई म्हणायच्या, हलव्याला काटा फुलतो तो याच थंडीत, मुंबईच्या दमट हवेत तो रुसतो. एक वाटी साखरेला अर्धी वाटी पाणी, उकळी आली की चमचाभर दूध, वर आलेली मळी काढून पाक फडक्यातून गाळायचा. कल्हईच्या परातीत मूठभर तीळ किंवा खसखस, आणि परातीखाली असून नसल्यासारखा विस्तव. बाईंच्या वेळी निखाऱ्यांची शेगडी होती. मी गॅसवर जाड तवा ठेवून त्यावर परात ठेवते. मग पाव चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. कोरडे झाले की पुढचा पाव चमचा. घाईने अर्धा चमचा ओतलात तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. विस्तव वाढवलात तर साखर पिवळी पडते आणि परातीत भुकटी साचते. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढुरके दिसतात आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. दुसऱ्या दिवशी बोटांना खरखर लागते. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात परात धरली की एकेक दाणा चांदणीसारखा काटेरी दिसतो.

माझा पहिल्या वर्षीचा हलवा गोळा झाला. मला रडू आलं. बाईंनी तो गोळा फोडून सगळ्यांच्या चहात घातला आणि दुसऱ्या दिवशी परात पुन्हा माझ्याच पुढे ठेवली. पुस्तकभर ‘बिघडलं तर’ अशी एक चौकट प्रत्येक कृतीखाली दिसेल, ती मी बाईंकडून घेतली आहे.

हलवा झाल्यावर खरं काम पुढे असायचं. पुठ्ठा कापायचा, त्यावर सोनेरी कागद चिकटवायचा, दोऱ्याच्या गाठींत एकेक दाणा अडकवून माळा करायच्या, आणि त्यातून नव्या सुनेसाठी बाजूबंद, तन्मणी, मंगळसूत्र, तर बाळाच्या बोरन्हाणासाठी मुकुट, हार आणि कृष्णाची बासरी. काळ्या कापडावर ते शुभ्र दागिने घालून बाळ पाटावर बसतं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतले जातात आणि भोवतालची पोरं ते लुटतात. आता हा हलवा स्वयंपाकात धरायचा की कलाकुसरीत? घडवताना तो पाककृती असतो, अंगावर दागिना असतो, आणि संध्याकाळी बाळाची मोठी बहीण बासरीचं एक टोक खाऊन टाकते. आपल्या घरांनी या दोन गोष्टींत कधी भिंत घातलीच नव्हती. तांदळाच्या पिठाने उंबऱ्यापुढे रेघ ओढायची आणि त्याच पिठाची भाकरी थापायची. लग्नातल्या रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी लोकरीची तोरणं आणि सुपारीच्या बाहुल्या मांडायच्या. नाशिकची तांबट आळी जशी मोठ्या हंड्या-पातेल्यांसाठी तशी भातुकलीच्या इवल्याशा तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीही ओळखली गेली. भातुकलीत घर मांडणं आणि गूळपोह्यांचा स्वयंपाक करणं हा एकच खेळ असतो. भिंत नंतर आली, शाळेच्या वेळापत्रकातून, आणि ती या पुस्तकात यावी असं मला वाटत नाही.

चिकाचं उदाहरण तर मला फार प्रिय आहे. चैत्र-वैशाखात कुरडया करताना गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, कापडातून पिळून, चोथा वेगळा करायचा आणि ते दुधाळ पाणी रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वरचं पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र, जड चीक बसलेला असतो. वाटीला वाटी पाणी, मीठ, हिंग, आणि एकाने ओतायचं तर दुसऱ्याने लाकडी दांड्याने हाटायचं. हे काम एकट्याने होत नाही. चीक चकचकीत झाला आणि ओला हात लावून चिकटेनासा झाला की तो शिजला. सोऱ्यात भरण्याआधी त्यातला वाटी-वाटी पोरांना मिळतो, कोणाला दूध-साखर घालून, कोणाला कच्चं तेल आणि तिखट घालून. गच्चीवर कुरडया, शेजारी बाजरीच्या खारोड्या, कडेला सांडगे, आणि राखणीला काठी घेऊन बसलेलं एक पोर. तोफेचा बार झाला की कावळे आपोआप उडतात, ही कॅम्पातल्या वाळवणाची खास सोय.

त्याच चिकातला चमचाभर मी बाजूला ठेवत असे. तो चारपट पाण्यात शिजवला की खळ होते, आणि त्या खळीने पतंगाचा कागद कामट्यांवर असा बसतो की सुरकुती पडत नाही. कित्येक वर्षांनी मला कळलं की जपानमध्ये कागदावरची चित्रं कापडावर चढवणारे कारागीर अशीच गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, आणि जगभरच्या ग्रंथालयांत जुन्या हस्तलिखितांची डागडुजी करणारेही हीच वापरतात. गव्हातला चिवट भाग धुऊन काढलेला असतो म्हणून ती कागदाला जाचत नाही, आणि पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते. आमच्या बायका कुरडईसाठी जे करतात तेच हे. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मी बाईंच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना ते मोठ्याने सांगितलं.

बाजारातला डिंक वापरू नका असं मी म्हणत नाही. पण एकदा तरी खळ करून पाहा. पोरांना पातेल्यात पांढरं पाणी घट्ट आणि पारदर्शक होताना बघू द्या.

कॅम्पात राहिल्याचा एक मोठा लाभ मला झाला, तो शेजाऱ्यांचा. हवापालटासाठी मुंबईहून येणाऱ्यांनी लॅम रोडला बंगले आणि आरोग्यधामं बांधली, त्यांत पारशी आणि गुजराती मंडळी पुष्कळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या काही कुटुंबांना इथल्या छावणीत आसरा मिळाला आणि ती इथलीच झाली. तोफखान्याच्या शाळेमुळे तर साऱ्या देशातली घरं दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि काळ्या पेट्या भरून निघून जातात.

जवळच्याच एका बंगल्यातल्या पारशी आजींकडे मी पहिल्यांदा चोकाच्या डब्या पाहिल्या. पत्र्याच्या चपट्या डब्या, तळाला भोकं पाडून नक्षी केलेली. आत पांढरी पूड भरून उंबऱ्याशी टेकवली की जोडीचे मासे उमटत. आपल्याकडेही रांगोळीचे पत्र्याचे छाप असतात, पण आजींच्या डब्या त्यांच्या आजेसासूबाईंच्या होत्या आणि भोकांच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्या होत्या. वाढदिवसाला त्या रवो करत, म्हणजे दुधातला मऊसर गोड सांजा, वर तुपात तळलेले बेदाणे आणि बदाम. आमच्या पोरांनी रिकाम्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून स्वतःच्या चोकाच्या डब्या केल्या, त्या कृतीचं पान पुस्तकात आहे. खिळा ठोकण्याचं काम मोठ्यांनी करायचं, आणि पत्र्याच्या कडा कानसल्याशिवाय डबी मुलांच्या हातात द्यायची नाही.

आणि ती गोधडीची दुपार. मी जुन्या सुती साड्यांची गोधडी घालायला बसले होते. समोरच्या सिंधी मावशी पापड-पाणी घेऊन आल्या. त्यांच्या घरी आलेल्यापुढे आधी पापड आणि पाणी ठेवतात, आणि त्या आमच्याकडे यायच्या तेव्हाही आपला पापड घेऊनच येत. गोधडी बघून त्या उठून घरी गेल्या आणि एक जुनी रल्ली घेऊन आल्या. लाल, काळ्या, पिवळ्या तुकड्यांचे चौकोन आणि त्रिकोण, आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा. तेवढ्यात क्वार्टर्समधून येणारी एक बंगाली मुलगी, नवरा तोफखान्यात, म्हणाली की आमच्याकडे याला काँथा म्हणतात, आणि तिने पेटीतून आपल्या दिदिमाचा काँथा आणला. तिन्ही आम्ही व्हरांड्यात शेजारी शेजारी अंथरल्या. तिन्हींत जुनं नेसूचं कापड, तिन्हींत धावदोरा. रल्ली शिवणाऱ्या बाईने कराचीजवळ, त्या म्हातारीने बंगालात आणि आमच्या बाईंनी सिन्नरच्या माहेरी एकमेकींना न पाहता तोच टाका घातला होता. पातळ झालेल्या लुगड्याचं काय करायचं, या प्रश्नाला तिघींनी दिलेलं उत्तर सारखंच होतं. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग सिंधी मावशींनी सुई ओवली आणि माझ्या गोधडीचा एक कोपरा त्यांच्या पद्धतीने शिवून दिला. ती गोधडी अजून माझ्या पायावर असते.

ती बंगाली मुलगी पुढच्या वर्षी बदलीवर गेली. जाताना माझ्याकडची वही मागून तिने तीन दिवस बसून उतरवून घेतली. कुरडई कुठे कुठे पोचली असेल!

याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. आमच्या शेजारची एक आठ वर्षांची मुलगी सुट्टीत एका छंदवर्गाला जायची. तिथे सगळ्यांना सारखं पाकीट मिळे. त्यात कापलेले तुकडे, चिकटवायच्या जागेवर आखलेल्या रेघा. तिने फुलपाखराचे दोन पंख दोन रंगांचे केले म्हणून तिचं काम भिंतीवर लागलं नाही. ती घरी येऊन म्हणाली, “मला नाही येत हस्तकला.” आठ वर्षांच्या पोरीने स्वतःविषयी असा निकाल द्यावा, याचा मला अजून राग येतो. त्या शनिवारी तिने आमच्याकडे बटाट्याचे ठसे केले, जास्वंदीच्या पाकळ्यांच्या आणि हळदीच्या पाण्यात बुडवून. हळदीच्या पिवळ्या डागावर साबणाचं पाणी पडलं आणि तो लाल झाला. ती ओरडलीच. मग सगळ्या पोरांनी लिंबू, सोडा, चिंचेचं पाणी, जे मिळेल ते थेंबाथेंबाने टाकून पाहिलं. सोड्याने डाग लाल होतो, लिंबाने पुन्हा पिवळा. आम्ल आणि अल्क यांची ही ओळख शाळेत पुढे लिटमस कागदाने होते, तिला ती आमच्या ओट्यावर झाली. उरलेल्या बटाट्यांचा रस्सा केला.

साध्या वस्तूंची ही वाट आपल्याकडे मोठ्या माणसांनी दाखवून ठेवली आहे. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, घनाकृती, घरं उभी करायला शिकवलं आणि पुण्याच्या आयुकात अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि तिने वाटी-चमच्याचं माप हाती देऊन नव्या सुनांची भीती घालवली. मीही या पुस्तकात ग्रॅम टाळले आहेत. वाटी म्हणजे आमटीची वाटी, चमचा म्हणजे पोह्यांचा चमचा. दोरी मोजायची ती वितीने, आणि ती वीत करणाऱ्याची.

प्रत्येक कृतीशी मी दोन गोष्टी लिहिल्या आहेत: ती एकट्याने होते की दोघांना लागते, आणि विस्तव किंवा सुरी लागते का. वय लिहिलेलं नाही. पाच वर्षांचं पोर कणीक माझ्यापेक्षा चांगली मळताना मी पाहिलं आहे, आणि सत्तरीतले निवृत्त सुभेदार साहेब कागदाची पहिली होडी करताना जीभ बाहेर काढून बसलेले पाहिले आहेत. त्यांनी ती होडी खिशात घालून नेली. पुढल्या शनिवारी ते पंधरा होड्या घेऊन आले आणि सगळ्यांना वाटल्या.

भोंडल्याच्या खिरापतीचं प्रकरण मी मुद्दाम मोठं ठेवलं आहे. हस्तात पाटावर हत्ती काढून फेर धरायचा, गाणी संपली की डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय ते ओळखायचं. खुळखुळलं तर दाणे, सरसरलं तर चुरमुरे, काहीच वाजलं नाही तर खरी पंचाईत. ओळखू येऊ नये म्हणून बायका काय काय शोधून काढायच्या! त्या प्रकरणात वीस खिरापती आहेत आणि डबा कसा भरला की आवाज फसवा येतो त्याच्या युक्त्याही आहेत. या खेळाला मोबाइल लागत नाही, आणि तो रोज खेळता येतो. त्यासाठी आश्विनच यायला हवा असं नाही. आमच्याकडे मुलांचा शाळेचा डबाही कधीकधी असा बंद होऊन वाजत जायचा.

या पुस्तकातलं काही विकण्यासाठी करू नका, अशी माझी विनंती आहे. करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पापड लाटून संसार उभे करणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत आणि त्यांच्यापुढे माझं डोकं नमतं. पण तो धंदा आहे, त्याला वेगळं बळ लागतं, वेगळं पुस्तक लागतं. इथली वाकडी करंजी खायची, दोन रंगांचं फुलपाखरू खिडकीला लावायचं, आणि ते उडून गेलं तर दुसरं करायचं. बहुतेक कृती एका दुपारीत संपतात. हलवा, कुरडई आणि गोधडी या तिघांना मात्र त्यांचे दिवस द्यावे लागतील.

शेवटी, सुरुवात कुठून करायची ते सांगते. पहिलं प्रकरण शेंगांचं आहे. पाटीभर भाजलेल्या शेंगा आणा, कच्च्या नकोत. खाली जुना पेपर पसरा आणि सगळे गोल बसा. ज्यांना डूल करायचे आहेत त्यांच्यासाठी टोकदार, एका दाण्याच्या शेंगा आधी वेचून ठेवा. त्या कानाला नीट धरतात. दाणे एका ताटात गोळा करा. टरफलं फेकू नका, दुसऱ्या पानाला ती लागणार आहेत.

देवळाली कॅम्प
अक्षय्य तृतीया